भास्करची उंची

मुक्काम लातूर, कचेरीमागची क्वार्टरं

चि. सौ. चांगुणाबाईस, हदगाव मुक्कामी, थोरली बहीण पंचफुला हिचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. इकडं सगळं खुशाल हाय, म्हणजे पाणी सोडून सगळं. तुझ्या गुडघ्याला आराम पडला का? निरगुडीचा पाला बांध म्हणून सांगितलं होतं. तू बांधला नसशील, कारण मी सांगितलं होतं. केरबा पाव्हण्यांच्या कपाळावरचं टेंगूळ उतरलं का तेही कळव. (तुमच्या घराची चौकट बुटकी अन् पाव्हणा ताडासारखा. लग्न झाल्यापासून तो माणूस त्याच दारातून जाऊन-येऊन राहिला, पण वाकायचं म्हणून न्हाई. कपाळ आपटायचं अन् सुताराला शिव्या द्यायच्या. सुतार मरून कैक वर्षं झाली.)

तुझं पाकीट मिळालं. आतला विशाखाचा फोटोही मिळाला, मोडला न्हाई. नात तुझी देखणी निघाली, आपल्या आईवर गेली, तुझ्यावर न्हाई. पण मजकूर वाचून मी एवढी हसले की माझी सून कुसुम घागर घेऊनच धावत आली, तिला वाटलं टँकर आला. तू लिहितेस की अक्का, भास्करची खबर कळली, मुलगा शिकलेला, अमेरिकेतला, साहेबाच्या घरचा, अबोल, असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं न्हाई. आमची विशाखा डी.एड. झाली, शाळेवर लागली. फक्त मुलाची उंची तेवढी कळव, कारण पोरगी उंच हाय आणि मला बुटका जावई चालायचा न्हाई, त्यापायी दोन स्थळं मी दारातूनच परत लावून दिली.

तर चांगुणे, उंची कळवते. एक वीत आणि वर दोन बोटं. शेपटी धरून. भास्कर मासा हाय.

आता तू म्हणशील अक्कानं मागच्या कार्डावर मासा असं लिहिलं का न्हाई. अगं, कार्डाला जागा ती किती! सरकारनं जिल्हे मोठे केले, कार्ड तेवढंच ठेवलं. त्यात माझं अक्षर म्हणजे एकेक अक्षर एकेका भाकरीएवढं. मी लिहिलं, साहेबाचा भास्कर आमच्याकडं राहायला हाय, मूळचा अमेरिकेतला, शिकलेला हाय, रंगानं सावळा, अंगावर लाली, खायला लई लागतं पण तोंडातून शब्द न्हाई. तेवढ्यात कार्ड संपलं. ह्यात खोटं एक अक्षर दाखव. तूच उतावळी. शब्द न बोलणारा पुरुष असतो असं तुला वाटलं तरी कसं, केरबा पाव्हण्यांच्या घरात एवढी वर्षं काढून?

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पण इथल्या लोकांच्या अंगाची हळद अजून उतरली न्हाई. पूर्वी कागदासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालायचे, आता हेलपाटे इथंच घालता येतात, एवढा काय तो फरक. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं जिल्हा केशकर्तनालय अशी पाटी लावलीय. केस तेच, कात्री तीच, कान कापायची खोड तीच, पण आता जिल्ह्याच्या हातानं कापतो. भाजीवाली म्हणते, बाई, जिल्ह्याचं गाव हाय, वांगी त्या भावात मिळायची न्हाईत. अन् पाणी? जिल्हा झाला, पाणी मात्र तालुक्याचंच राहिलं. यंदा तर तेही न्हाई. विहिरीत पोहरा टाकला की खालून दगडाचा आवाज येतो. आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसून राहिलो. एकमेकींच्या तोंडाकडं बघून कुणी आंघोळ केली ते ओळखतो, अन् जिनं केली तिच्यावर डोळा ठेवतो.

अशात आमच्या रामकिशनच्या साहेबाला, अमृतरावाला, पुण्याला लांबलचक ट्रेनिंग लागली. माणूस आपल्यातलाच हाय, शिकून मोठा झाला, त्याचा मला अभिमान हाय. (आपल्यातला म्हणूनच तुझंही मन पाघळलं, मला ठाऊक हाय.) पण बाई, काही माणसं शिकून मोठी होतात अन् मंग वरच राहतात, खाली उतरायचा जिनाच मोडून टाकतात. तर ह्या साहेबाकडं काचेची एक पेटी, तिच्यात पाणी अन् पाण्यात दोन मासे. जाताना पेटी कुणाकडं ठेवायची? ज्याच्या नोकरीचा बरावाईट शेरा साहेबाच्या हातात, त्याच्याकडं. रामकिशननं ती पेटी अशी छातीशी धरून आणली की स्वतःच्या लेकराला धरलं नसेल. साहेब मागून सांगत आला, ह्याला इतका दाणा, असं पाणी, तसं पाणी. दोन्ही मासे मूळचे अमेरिकेतले, एकाच खानदानातले, काहीतरी शिकलीड. मी म्हटलं, हे शिकलेले? हो हो, सिक्लिड, असं साहेब म्हणाला. आता साहेब स्वतः हो म्हणतो तर मी कोण न्हाई म्हणणार? मनात आलं, शिका म्हणून आपल्याला सांगितलं बाबासाहेबांनी, अन् मनावर घेतलं माशांनी. मी दुसरीत शाळा सोडली, अन् हे पाण्यात राहून शिकले! मोठ्याचं नाव त्यानं सांगितलं भास्कर अन् चपट्या, पंखावाल्या मासोळीचं नाव अंजली. (पुढं कळलं की ते ऑस्कर अन् एंजल असं काहीतरी हाय. असेना. आमच्या घरात आला की बारसं आम्ही करणार.)

वाढतील का हो, असं मी विचारलं, कारण घरात जागा न्हाई. तेव्हा भास्कर माझ्या अंगठ्याएवढा होता. साहेबानं चष्मा पुसला अन् म्हणाला, आजी, शास्त्र असं आहे की मासा टाकीएवढाच वाढतो. लहान टाकी, लहान मासा. मी म्हटलं, मंग आमचा रामकिशन दोन खोल्यांच्या क्वार्टरात राहून एवढा कसा सुटला? साहेब हसला. रामकिशन हसला न्हाई.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, अन् भास्करनं शास्त्र सोडून दिलं. आधी दाणे खायचा, मंग कणकेच्या गोळ्या, मंग नाकतोडे. मंग मी झुरळं द्यायला लागले, तर आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत झुरळ औषधाला उरलं न्हाई, शेजारणी स्वतःहून आणून द्यायला लागल्या. (पहिल्यांदा आमच्याकडं काहीतरी आणून दिलं त्यांनी. ते झुरळ निघालं.) गर्व तर असा! काचेजवळ येऊन डोळे वटारून बघणार, जणू मी त्याच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेय. अन् एका सकाळी बघते तर अंजली न्हाई. पेटीत न्हाई, पेटीमागं न्हाई, अन् भास्कर पोट फुगवून कोपऱ्यात उभा. दोघं एकाच खानदानातली, एकाच शिक्षणाची, तरी खाल्ली तिला. असं तुमचं शिक्षण! रामकिशनचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबाला काय सांगू, आई, साहेबाला काय सांगू, एवढंच म्हणून राहिला. मी म्हटलं, सांग की माहेरी गेली.

शिमग्याच्या सुमारास भास्कर पेटीत वळेना. वळायचा म्हटलं की नाक इकडच्या काचेला अन् शेपूट तिकडच्या. दिवसभर एकाच दिशेला तोंड करून उभा, कचेरीतल्या खुर्चीसारखा. कुसुम म्हणाली, सुटली ब्याद, मरू दे. पण मेला असता तर रामकिशनची बदली कुठल्या कोपऱ्यात झाली असती कुणास ठाऊक. म्हणून मी आमचं एक टिपाड रिकामं केलं, तेच लोखंडी, पाणी साठवायचं, अन् अर्ध्यापर्यंत पाणी घालून त्याला त्यात सोडलं. ह्यावरून घरात जे झालं ते लिहीत न्हाई. टँकरपुढं बाया एकमेकींच्या झिंज्या धरून राहिल्या, अन् ही म्हातारी माशाला टिपाड देते! मी म्हटलं, त्याचं घाण झालेलं पाणी मी पपईला घालते, वाया एक थेंब जात न्हाई. (पपई अशी लागलीय की बघायला लोक येतात. आता पपईलाही जिल्ह्याचा ताठा आलाय.) अन् टिपाडात गेल्यावर तो फोफावला, चांगुणे! मी वरून नुसतं भास्कर म्हटलं की तोंड वासून वर येतो. मेला हावरट.

मंग ह्या मंगळवारी साहेब परत आला. खबर न देता, जीपमधून उतरून सरळ दारात. अन् नेमकी त्याच वेळी कुसुमनं चुलीवर सुकट टाकलेली. घरभर वास. साहेबानं आधी नाकानं घर तपासलं, मंग टिपाडात वाकून बघितलं, मंग परत चुलीकडं बघितलं. म्हणाला, रामकिशन, हा माझा मासा नाही, माझा एवढासा होता. असं म्हणून दोन बोटं दाखवली. मंग म्हणाला, अन् एंजल कुठाय? रामकिशननं घाबरून सांगितलं, माहेरी गेली साहेब.

तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, साहेब, तुमचा धाकटा पुण्याला गेला तेव्हा चड्डीत होता, आज जीपमधून उतरला तर फुलपँटीत. तो तुमचा न्हाई का? साहेब म्हणाला, आजी, मुलाचं वेगळं, मासा टाकीएवढाच वाढतो. मी म्हटलं, मंग मी टाकी बदलली, तुमच्याच शास्त्रानं वाढला तो. ह्यावर साहेबाला बोलता येईना, अन् बोलता आलं न्हाई की साहेब लोक चौकशी लावतात. म्हणाला, उद्या मासे खात्याचा माणूस पाठवतो, तो सांगेल हा तोच का दुसरा. (मासे खातं म्हणजे मासे खाणारं न्हाई, मासे सांभाळणारं खातं. मला आधी वाटलं, असली नोकरी केरबा पाव्हण्यांना का कुणी दिली न्हाई.) रात्री रामकिशन जेवला न्हाई. पोरगं एवढं सुटलेलं, पण त्या दिवशी बारीक वाटलं बघ. मासा खाल्ला असा डाग घेऊन कचेरीत बसायचं, अन् तोही न खाल्लेला मासा! खाल्ला असता तर निदान चव तरी कळली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं पाकीट आलं, अन् त्याच्या मागं मासे खात्याचा माणूस आला. अण्णाराव त्याचं नाव. अहमदपूरकडचा, बी.एस्सी. झालेला, तेही माशांचंच. बिचाऱ्याची सगळी तळी आटलेली, भेगा पडलेल्या. जिल्ह्यात मासा बघायला मिळाला तो आमच्या टिपाडात, म्हणून मुद्दाम सायकल पुसून आला होता. इतर लोकांना टिपाडात वाकून बघावं लागतं. अण्णारावला वाकावं लागलं न्हाई. मी त्याला दोन विटा दिल्या. त्यानं बघितलं अन् असा हसला, जणू गावाकडचं माणूस भेटलं. म्हणाला, आजी, काय सुरेख वाढवलाय! (रामकिशनला वाढवला तेव्हा असं कुणी म्हणालं न्हाई.)

साहेबही आला होता. त्याच्या तोंडावर अण्णारावनं सांगितलं, न घाबरता, की साहेब, टाकीएवढाच वाढतो हे खरं न्हाई. लहान टाकीत मासा खुंटतो, रोगट होतो अन् मरतो. ऑस्करला फूटभर व्हायचं असतं, त्याच्या जातीतच तसं लिहिलेलं असतं. मी मधेच म्हटलं, माणसाच्या जातीत काही लिहिलेलं नसतं हं. तो म्हणाला, आजी, मी माशाबद्दल बोलून राहिलो. मी म्हटलं, मी न्हाई. मंग साहेबानं टिपाडावर तोंड धरून हाक मारली, ऑस्कर, ऑस्कर. भास्करनं शेपूट दाखवलं. मी नुसतं भास्कर म्हटलं, तर पाणी उडवत वर आला अन् साहेबाच्या चष्म्यावर शिंतोडे. झाला निकाल. साहेब म्हणाला, एवढी मोठी टाकी माझ्याकडं कुठाय, राहू द्या तुमच्याकडंच. एवढ्याचसाठी जीपचं डिझेल जाळलं.

साहेब गेला, पण अण्णाराव बसला. कुसुमनं अर्धा कप चहा दिला, तो त्यानं पूर्ण कपासारखा प्याला. अन् मला ह्या शिकलेल्यांच्या खानदानाची माहिती सांगितली. ऐकून ठेव. आपली अंजली तळहाताएवढी होते, त्यापुढं फारशी न्हाई. बाजारात वाट्यावर मिळते ती चिलापी, तीसुद्धा शिकलेलीच निघाली, चांगुणे! आपण आजवर शिकलेलं कालवण खाल्लं अन् कोरेच राहिलो. चिलापी गर्दीच्या तळ्यात वीतभरावरच थांबते, चांगलं पाणी मिळालं तर हातभराला येते. पिल्लं तोंडात धरून हिंडते म्हणे, त्यामुळं तेवढे दिवस भांडायला तोंड रिकामं नसतं. (हे मी कुसुमला मोठ्यानं वाचून दाखवून राहिले.) तिकडं आफ्रिकेत एका तळ्यात दोन हात लांबीचा एक असतो. अन् त्याच तळ्यात, त्याच खानदानातला, एक बोटाच्या दोन पेरांएवढा. मेलेल्या गोगलगाईच्या शंखात घर करतो, तिथंच संसार, तिथंच लेकरं. अन् कुणी मोठा मासा दारात आला तर एवढासा जीव धावून जातो त्याच्या अंगावर. दोन हातवाला कुणाला हाकलतो ते मी विचारलं न्हाई. मला शंखवाला आवडला. अंग केवढं ह्यापेक्षा घर कसं राखतो ते बघावं, असं मला वाटलं. माझी अक्कल दुसरीपर्यंतची, तुला काय वाटतं ते बघ.

बरं, टिपाडाच्या झाकणाला टेकवून मी विशाखाचा फोटो ठेवला होता, आल्यागेल्याला दाखवायला. अण्णाराव विटांवर उभा राहून फूटपट्टीनं भास्करला मोजत होता. रामकिशननं कागद धरून विचारलं, किती भरली लांबी? तर म्हणाला, डी.एड. फोटोखाली तुझ्या अक्षरात लिहिलेलं तेवढं त्यानं वाचलं होतं. मंग कानापर्यंत लाल झाला, भास्करसारखा, अन् विटांवरून खाली उतरायचं विसरला.

बाकी काय लिहू. पावसाचं नाव न्हाई. तिकडं पैनगंगेला डबकं तरी उरलंय का कळव. पाव्हण्यांना जय भीम, शेळ्यांना पाला, विशाखाला दोन्ही गालांवर एकेक. मासा हा प्राणी माझ्या मनातून साफ उतरलाय. हावरट, गर्विष्ठ, स्वतःच्या खानदानाला खाणारा. मी त्याचं नाव काढायची न्हाई.

तुझी थोरली,
पंचफुला

ता. क. फोटो परत पाठवत न्हाई. माझ्याकडं न्हाई तो. गुरुवारी अण्णाराव भास्करची पुन्हा लांबी घ्यायला आला (एका दिवसात कितीसा वाढणार तो!) अन् तेव्हापासून फोटो दिसत न्हाई. भास्करनं खाल्ला असं मी घरात सांगितलंय.

पुन्हा ता. क. अण्णारावची मी सगळी चौकशी केली. घरात एकटी आई, नोकरी पक्की, पिणं न्हाई, साहेबापुढं खरं बोलतो. त्याची उंची तू विचारली न्हाईस, म्हणून वर लिहिली न्हाई. रामकिशनच्या खांद्याला लागतो, ओढून ताणून. विशाखा त्याच्यापेक्षा उंचच भरेल. आता तू तोंड वाकडं करशील, तर त्याआधी उठ अन् तुझ्या घराची चौकट बघ. उंच माणूस तू एक करून बघितलास, त्याचं कपाळ बघ. हा पोरगा त्या दारातून ताठ मानेनं आत येईल. तरी ठरवायचं तू न्हाई अन् मीही न्हाई. हे पत्र विशाखाला स्वतःला वाचायला दे, पहिल्यापासून, अन् ती काय म्हणते ते मला कळव. होय म्हणाली तर दोघी एसटीनं या. येताना ओल्या जागेतली गांडुळं डब्यात घालून आणा, भास्कर झुरळांना कंटाळलाय.

आणखी एक. अण्णारावचा फोटो सोबत ठेवलाय. फोटोवाल्याला टिपाडात काही दिसेना, म्हणून भास्करला घटकाभर काचेच्या पेटीत घातलं अन् अण्णारावला शेजारी बसवलं. डावीकडचा मासा हाय, उजवीकडचा मुलगा. ह्या खेपेला नीट बघ.